पुस्तक संपल्यानंतरचा डाव

28 जुलै 2025, सोमवार. जॉर्जियातल्या बातुमी या काळ्या समुद्राकाठच्या शहरात महिला बुद्धिबळ विश्वचषकाची अंतिम लढत टायब्रेकवर आली होती. पटाच्या एका बाजूला आंध्रातल्या गुडीवाड्याची कोनेरू हंपी, वय 38. दुसऱ्या बाजूला आपल्या नागपूरची दिव्या देशमुख, वय 19. शनिवारचा डाव बरोबरीत सुटला होता, रविवारचाही बरोबरीत, आणि सोमवारचा पहिला जलद डाव 81 चाली चालून तोही बरोबरीत. आता दुसरा जलद डाव. प्रत्येकीला पंधरा मिनिटं आणि दर चालीमागे वाढीव दहा सेकंद. पांढरे मोहरे हंपीकडे होते. तिने कॅटलन ओपनिंग मांडलं.

कॅटलनमध्ये पांढरा वजिरापुढचं आणि त्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं दोन-दोन घरं पुढे टाकून पटाच्या मध्यावर हक्क सांगतो. मग राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एकच घर सरकवतो आणि रिकाम्या झालेल्या घरात उंट बसवतो. तिथून तो उंट लांब तिरप्या रेषेवर, समोरच्याच्या वजिराकडच्या कोपऱ्यावर नजर ठेवून असतो. पहिल्या दहा-बारा चालींत मारामारी अशी काही होत नाही. दबाव मात्र हळूहळू वाढत जातो, आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्याला प्रत्येक चालीला विचार करावा लागतो की हे प्यादं मारू की राहू देऊ. 1929 साली बार्सिलोनात स्पर्धा भरली तेव्हा आयोजकांनी साव्हिएली टार्टाकोव्हर या नामवंत खेळाडूला गळ घातली, की आमच्या कॅटालोनिया प्रांताच्या नावाने एखादं ओपनिंग खेळून दाखवा. त्याने ही मांडणी खेळली, आणि ते नाव कायमचं चिकटलं. हंपीच्या स्वभावाला हे ओपनिंग शोभणारं आहे. घाई नाही, उगाच धोका नाही, जागा थोडी थोडी काबीज करत जायची.

ओपनिंग हा डावाचा असा भाग, जो पटावर बसण्याआधी घरीच खेळून झालेला असतो. ज्याच्याकडे पुस्तकं आहेत, शिकवणारा आहे, जगभर आधी खेळल्या गेलेल्या डावांच्या नोंदी आहेत, तो या भागात पुढे असतो. बाकीच्यांना ते सगळं पटावर बसून, घड्याळ चालू असताना, पहिल्यापासून शोधावं लागतं. म्हणून दूरच्या गावचा खेळाडू बुद्धिबळात हरायचा तो बहुतेक वेळा पहिल्या पंधरा चालींतच. दिव्याच्या विजयाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. मला त्यातली एक गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. जगातल्या अत्यंत मुरलेल्या खेळाडूने स्वतःच्या आवडीचं ओपनिंग मांडलं, आणि विदर्भातली 19 वर्षांची मुलगी काळे मोहरे घेऊन त्यातून शाबूत बाहेर पडली. निकाल लागला तो नंतर, जिथे पुस्तक संपतं तिथे. इथवर यायला या देशातल्या बुद्धिबळाला शंभराहून अधिक वर्षं लागली, आणि त्या वाटचालीत मराठी मुलींचा वाटा मोठा आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांचा डाव वेगळा होता. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. किल्लेकोट हा प्रकारच नव्हता. त्याऐवजी राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता यायची, तीही शह बसायच्या आत. प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं की ते घर मुळात ज्या मोहऱ्याचं, तोच मोहरा मिळायचा. हत्तीच्या घरात पोचलं तर हत्ती, घोड्याच्या घरात पोचलं तर घोडा. वजिराची हाव धरायची तर वजिराच्याच घरात पोचायला हवं. नुसती मात देण्यापेक्षा प्याद्याने दिलेल्या मातेला मान जास्त. पारावर, देवळाच्या ओट्यावर, पाटलाच्या पडवीत हा डाव तासन्‌तास रंगायचा. प्यादी एकेक घरानेच सरकत असल्यामुळे दोन्ही बाजूंना आपापली रचना निवांत लावता यायची. समोरासमोर गाठ पडायची ती फार उशिरा. त्यामुळे आपल्याकडच्या जाणकाराचं बळ डावाच्या मध्यात आणि शेवटात होतं. सुरुवातीच्या चालींत अचूकपणाची निकड त्याला कधी भासलीच नाही.

या सवयीतून जगाला एक देणगीही मिळाली. 1850 च्या आसपास कलकत्त्यात जॉन कॉक्रन नावाचे स्कॉटिश बॅरिस्टर महेशचंद्र बंद्योपाध्याय यांच्याशी युरोपियन नियमांनी डाव मांडत. महेशचंद्र खेड्यातून आलेले. हाताला वळण देशी डावाचं. ते मध्यावर प्यादी फेकायच्या ऐवजी घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवून उंट कडेला बसवत आणि दुरून मध्यावर मारा करत. कॉक्रन यांनी त्या डावांच्या नोंदी विलायतेला पाठवल्या. युरोपला तो प्रकार अजब वाटला. पुढे त्या धाटणीच्या सगळ्या बचावांना ‘इंडियन’ हे विशेषण लागलं, ते आजतागायत. हंपीने बातुमीत कडेला बसवलेला उंट आणि महेशचंद्रांचा उंट एकाच विचारातून तिथे येतात.

पण देणगी एक आणि तोटा दुसरा. पंजाबातल्या सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेले मीर सुलतान खान 1929 साली विलायतेला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. पुढे 1932 आणि 1933 सालीही. हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. अशा माणसाचे डाव आज लावून पाहिले तर पहिल्या दहा-बारा चालींत त्यांची बाजू पुष्कळदा पडती दिसते. युरोपियन नियम त्यांनी मोठेपणी शिकलेले, ओपनिंगच्या पुस्तकांचा आधार त्यांना नव्हता. पडती बाजू घेऊन, नंतरच्या तीस-चाळीस चालींत ती सावरून, ते जगातल्या पहिल्या रांगेतल्या खेळाडूंना नमवत. मायदेशी परतल्यावर 1935 साली त्यांचा सामना व्ही. के. खाडिलकर यांच्याशी झाला. खाडिलकर हे 1924 च्या ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धेत खेळून आलेले, म्हणजे नवखे नव्हेत. तरी दहा डावांत सुलतान खानांनी त्यांना एक बरोबरी तेवढी दिली. त्यानंतर सुलतान खान स्पर्धांतून जवळजवळ नाहीसेच झाले.

स्वातंत्र्यानंतर 1951 साली अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला आणि 1955 साली आंध्रातल्या एलुरू इथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. ती आपले रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या यांनी विभागून जिंकली. नियम आता जगाचे होते, पण पुस्तकांचा दुष्काळ तसाच. 1966 पासून बेलग्रेडहून ‘इन्फॉर्मेटर’ निघू लागलं. जगभरातले निवडक डाव त्यात खुणांच्या भाषेत छापलेले असत. परकीय चलनाच्या त्या काळात त्याचा एक अंक मिळवणं हेच एक काम होतं, आणि मिळाला की तो हातोहात फिरायचा. मद्रासला सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात ताल चेस क्लब होता. विश्वनाथन आनंद तिथे घडला. मोठ्या शहराचा फायदा म्हणजे हाच. सांगलीला मात्र असं कुठलं परदेशी केंद्र नव्हतं. तिथे भाऊसाहेब पडसलगीकर होते. त्यांनी 1941 साली नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं आणि एका जिल्ह्याच्या गावाला बुद्धिबळाचं गाव करून टाकलं. भाग्यश्री साठे आणि स्वाती घाटे ही सांगलीचीच नावं. एखादा माणूस चिकाटीने काय उभं करू शकतो याचं महाराष्ट्रातलं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1974 साली बेंगळुरूत झाली आणि ती वासंती खाडिलकरने जिंकली. नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी सुरू केलेलं ‘नवाकाळ’ चालवणाऱ्या घरातली ही मुलगी. संपादक नीळकंठ खाडिलकर हे तिचे वडील. तिच्या पाठच्या दोघी जयश्री आणि रोहिणी. पुढची जवळपास दहा वर्षं भारतातलं महिला अजिंक्यपद या तीन बहिणींच्या घराबाहेर फारसं गेलंच नाही. एकाच घरात तीन तोडीच्या खेळाडू असणं म्हणजे काय, हे पट मांडणाऱ्याला कळेल. सरावाला प्रतिस्पर्धी शोधायला बाहेर जायला नको, आणि एकीने अभ्यासलेलं ओपनिंग दुसरी रात्रीच्या जेवणानंतर मोडून दाखवणार. जयश्री 1979 मध्ये भारताची पहिली महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाली.

धाकटी रोहिणी. 1976 साली, वयाच्या तेराव्या वर्षी, ती महिलांची राष्ट्रीय विजेती झाली, आणि त्याच वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. अशी उतरणारी ती देशातली पहिली मुलगी. तिथे तिने गुजरात, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालच्या राज्य विजेत्यांना हरवलं. तिच्या खेळण्यावरून गदारोळ उठला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि तिथे तिची बाजू टिकली. जागतिक संघटनेचे अध्यक्ष तेव्हा मॅक्स युवे होते. ते स्वतः 1935 ते 1937 जगज्जेते राहिलेले आणि पेशाने गणिताचे शिक्षक. त्यांनी निर्वाळा दिला, की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत बाईला बाई म्हणून मज्जाव करता येणार नाही. या निर्णयाचं मोल आपण पुरेसं ओळखलेलं नाही असं मला वाटतं. तेरा वर्षांच्या एका मराठी मुलीच्या हट्टामुळे जगभरच्या मुलींसाठी नियम स्पष्ट झाला. रोहिणीने राष्ट्रीय अजिंक्यपद पाच वेळा मिळवलं. 1981 साली हैदराबादला ती आशियाई विजेती झाली, एकही डाव न हरता. दोन वर्षांनी क्वालालंपूरला पुन्हा.

खाडिलकर बहिणींनंतर भाग्यश्री साठे-ठिपसे पाच वेळा राष्ट्रीय विजेती झाली, अनुपमा अभ्यंकर-गोखलेही पाच वेळा. पुण्याची सौम्या स्वामीनाथन 2009 मध्ये मुलींची ज्युनिअर जगज्जेती झाली. ही मालिका मुंबई, सांगली, पुण्याची. विदर्भाचं नाव तिच्यात कुठे नव्हतं. रोहिणीचा खटला गाजत होता त्या वर्षी विदर्भातला आमचा गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हासुद्धा नव्हता, तो 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्याचं विभाजन होऊन झाला. इकडच्या पोराला बुद्धिबळ शिकायचं तर पारावरच्या म्हाताऱ्यांकडून शिकायचं. म्हणजे पुन्हा तेच देशी वळण, एका घराचं प्यादं आणि राजाची अडीच घरं, आणि मग शाळेच्या स्पर्धेत कुणी किल्लेकोट केला की गोंधळून जायचं.

यात फरक पडला तो संगणकामुळे. 1987 च्या सुमारास जर्मनीत चेसबेस ही डावांची नोंदवही तयार झाली, तिच्यात लाखो डाव शोधता येऊ लागले. पुढे इंजिनं आली, आणि त्यांतलं सगळ्यांत ताकदवान स्टॉकफिश हे तर फुकट मिळतं. साध्या मोबाइलवरही ते जगज्जेत्याला भारी पडेल असं खेळतं. कॅटलनमध्ये अकराव्या चालीला काळ्याने काय करावं, हा प्रश्न विचारायला आता मॉस्कोला जावं लागत नाही. पण त्याची दुसरी बाजूही आहे. जे सगळ्यांनाच मिळतं त्याने कुणी जिंकत नाही. ओपनिंगची तयारी आता पाण्यासारखी सगळ्यांच्या घरी आली, त्यामुळे खरी कसोटी सरकून पंचविसाव्या चालीपलीकडे गेली. जिथे तयारी संपते, वेळ कमी उरतो आणि स्वतःच्या डोक्याने ठरवावं लागतं, तिथे. सुलतान खानांचा जो प्रांत, तोच पुन्हा महत्त्वाचा झाला.

नागपूरने या काळात मुसंडी मारली. रौनक साधवानी आणि दिव्या देशमुख हे दोघेही नागपूरचे, दोघेही डिसेंबर 2005 चे. ती 9 तारखेची, तो 22 चा. रौनक तेराव्या वर्षीच ग्रँडमास्टर झाला. मग संकल्प गुप्ता झाला. दिव्याचे आईवडील दोघेही डॉक्टर. मोठ्या बहिणीला बॅडमिंटनच्या सरावाला नेत, तिच्याबरोबर ही पाच वर्षांची. रॅकेट तिला पेलेना, म्हणून तिला बुद्धिबळाच्या वर्गात बसवलं. राहुल जोशी हे तिचे पहिले गुरू. 2020 मध्ये ते ऐन उमेदीत गेले. सातव्या वर्षाच्या आत राष्ट्रीय विजेती, 2014 मध्ये डर्बनला दहा वर्षांखालची जगज्जेती, 2017 मध्ये ब्राझीलला बारा वर्षांखालची, 2024 मध्ये गांधीनगरला ज्युनिअर जगज्जेती, त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये संघासह सुवर्ण आणि स्वतःच्या पटावरही सुवर्ण. ही यादी कुणालाही दिपवील. तरी मला त्याच 2024 च्या जानेवारीतली एक गोष्ट जास्त लक्षात राहिली आहे. नेदरलँड्समधल्या वाइक आन झे इथली स्पर्धा संपल्यावर दिव्याने जाहीरपणे लिहिलं, की माझ्या डावांविषयी बोलायचं सोडून प्रेक्षक माझे कपडे, केस आणि उच्चार यांविषयी बोलतात. तेव्हा ती 18 वर्षांची होती. रोहिणीच्या खटल्याला 48 वर्षं होत आली होती. पटावर बसायची बंदी उठली होती, पण बसलेल्या मुलीकडे पाहायची नजर फारशी बदलली नव्हती. दिव्याने ते निमूटपणे सोसलं नाही, याबद्दल मला तिचा तिच्या पदकांइतकाच अभिमान वाटतो.

बातुमीला 107 जणी आल्या होत्या. दिव्याचं मानांकन पंधरावं. ती आंतरराष्ट्रीय मास्टर होती. ग्रँडमास्टर किताबासाठी तीन नॉर्म, म्हणजे स्पर्धांतल्या ठरावीक दर्जाच्या कामगिऱ्या, लागतात; तिच्याकडे त्यांतला एकही नव्हता. स्पर्धेला जॉर्जियाहून योग्य जागा नव्हती. नोना गाप्रिंदाश्विली आणि तिच्यानंतर मैया चिबुर्दानिद्झे या दोन जॉर्जियन बायकांनी 1962 ते 1991 अशी सलग 29 वर्षं जगज्जेतेपद आपल्याकडे ठेवलं, आणि 1978 साली ग्रँडमास्टर हा किताब मिळवणारी जगातली पहिली बाई नोनाच. त्या देशात मुलीच्या रुखवतात बुद्धिबळाचा पट द्यायची रीत होती.

चौथ्या फेरीत दिव्याने दुसऱ्या मानांकनाच्या चीनच्या झू जिनरला टायब्रेकवर हरवलं. उपांत्यपूर्व फेरीत चार भारतीय पोचल्या: हंपी, हरिका, वैशाली, दिव्या. दिव्यासमोर हरिका द्रोणवल्ली आली. दोन्ही संथ डाव बरोबरीत, आणि टायब्रेकचे दोन्ही दिव्याने घेतले. उपांत्य फेरीत माजी जगज्जेती तान झोंगयी. दुसऱ्या डावात दिव्याने पांढऱ्या मोहऱ्यांनी सिसिलियन बचावाला अलापिन प्रकाराने तोंड दिलं. हा प्रकार जाणकारांना थोडा बाळबोध वाटतो. तिसऱ्या चालीच्या गडबडीत न शिरता शांतपणे प्यादं पुढे करून मध्याला टेकू द्यायचा, बाकी खेळ पुढे बघू. ‘पुढे बघू’ ते 101 चालींपर्यंत चाललं. तान झोंगयीसारखी जगज्जेती तासामागून तास ढासळत नाही, तिला तेवढा वेळ पटावर धरून ठेवावं लागतं. दिव्याने धरून ठेवलं आणि जिंकली. अंतिम फेरी गाठली म्हणजे जगज्जेतीची आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत जागा पक्की झाली.

आणि समोर हंपी. तिच्याविषयी चार ओळी आदराने लिहायला हव्यात. 2002 साली, पंधरा वर्षांची असताना, ती ग्रँडमास्टर झाली आणि सगळ्यांत लहान वयात तो किताब मिळवणारी मुलगी हा ज्युडिट पोल्गारचा विक्रम तिने मोडला. त्या वेळी दिव्याचा जन्मसुद्धा झाला नव्हता. लग्न, बाळंतपण, मधली विश्रांती, हे सगळं करून ती परतली आणि 2019 व 2024 अशी दोनदा जलद बुद्धिबळाची जगज्जेती झाली. म्हणजे टायब्रेकवर गेल्यावर पारडं कुणाचं जड, हे कुणालाही सांगता आलं असतं.

शनिवारी पहिल्या डावात वजिराच्या बाजूचं प्यादं देऊ करून दिव्याने सुरुवात केली, हंपीने ते स्वीकारलं. दिव्याची बाजू वरचढ होत गेली. संधी होती, ती हुकली. 41 चालींत बरोबरी. रविवारचा डाव 34 चालींत मिटला. सोमवारी पहिल्या जलद डावात हंपीने पेट्रॉफ बचाव घेतला. हा जुन्या रशियन वळणाचा, दोन्ही बाजू आरशासारख्या मांडून समोरच्याची धार बोथट करणारा प्रकार आहे, आणि काळ्या मोहऱ्यांनी बरोबरी साधायची असेल तर अनुभवी माणूस तोच घेईल. 81 चाली चालूनही दिव्याला तो फोडता आला नाही.

मग दुसरा डाव, कॅटलन. सुरुवात दोघींनाही पाठ. प्यादी एकमेकांत अडकली, मोहरे मागे राहून जागा शोधू लागले, आणि तीसेक चालींपर्यंत पट तसा समतोल राहिला. बदलत होतं ते घड्याळ. बाहेरून पाहणाऱ्याला नुसत्या सोंगट्या दिसतात; खेळणाऱ्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात सतत ते आकडे असतात. दिव्या भराभर चाली करत होती. हंपीची मिनिटं संपत आली. चाळिसाव्या चालीच्या सुमारास हंपीने मधलं प्यादं पुढे रेटून बळी दिला आणि डाव उघडला. आपल्या बाजूला जोर आणण्यासाठी केलेली ती चाल होती. हाती वेळ असता तर हंपीसारखी खेळाडू तिथे थांबली असती, दोनदा तपासून पाहिलं असतं. पण दर चालीला दहा सेकंद मिळत असतील तर तपासायचं काय? मोहरे मारले गेले, आणि हत्ती व प्यादी एवढंच उरलेला एंडगेम आला. हत्ती-प्याद्यांचा शेवट हा बुद्धिबळातला सगळ्यांत फसवा भाग. पुस्तकात तो स्वच्छ लिहिलेला असतो, हातात कधी स्वच्छ येत नाही. इथे दोघींकडूनही चुका झाल्या. दिव्याने हातात आलेला फायदा एकदा सोडला, डाव पुन्हा बरोबरीकडे झुकला. नंतरची आणि शेवटची चूक हंपीची ठरली. 75 चालींनंतर हंपीने हात पुढे केला.

दिव्याने हात मिळवला आणि तिथेच, पटापाशी, तिचे डोळे भरून आले. बाहेर आई उभी होती. तिच्या गळ्यात पडून ती रडली, आणि काही वेळ तिला बोलताच येईना. विश्वचषकाची विजेती थेट ग्रँडमास्टर होते असा नियम आहे. त्यामुळे एकही नॉर्म नसलेली मुलगी त्या संध्याकाळी भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली आणि हंपी, हरिका, वैशाली यांच्यानंतरची चौथी भारतीय महिला ग्रँडमास्टर. हे असंच घडायचं लिहिलेलं असावं, अशा आशयाचं काही ती नंतर बोलली.

नागपूर चंद्रपूरहून दीडशे किलोमीटर. शालेय स्पर्धांत चंद्रपूर आणि गडचिरोली नागपूर विभागात मोडतात. तालुका, जिल्हा आणि मग विभाग. तेव्हा इथल्या पोराची गाठ विभागीय पातळीवर पडते ती नागपूरच्याच मुलांशी, रौनक आणि दिव्याच्या शहरातल्या वर्गांत शिकलेल्यांशी. तालुक्याच्या स्पर्धा मी पाहिल्या आहेत. सतरंजीवर मांडलेले गुंडाळीचे पट, एखादा हत्ती हरवला म्हणून त्या जागी ठेवलेलं बाटलीचं झाकण, आणि घड्याळाचा पत्ता नाही. जे पोर घड्याळाशिवाय खेळून विभागाला जातं, त्याला तिथे पहिल्यांदा कळतं की विचार करायला मोजकीच मिनिटं असतात. बातुमीत हंपीसारखीचा डाव घड्याळाने बिघडवला. मग गडचिरोलीतल्या आमच्या अहेरीच्या, भामरागडच्या पोराचं काय होत असेल? ओपनिंग ते मोबाइलवर शिकेलही. चालत्या घड्याळाशी खेळायची सवय मोबाइल पुरती लावत नाही, त्यासाठी समोर माणूस बसावा लागतो आणि दोन चांगली घड्याळं लागतात. एवढा खर्च शाळेला, ग्रामपंचायतीला, एखाद्या नोकरदार माजी विद्यार्थ्याला झेपणारा आहे. सांगलीत पडसलगीकरांनी कुठल्याही मोठ्या निधीची वाट पाहिली नव्हती.

विश्वचषकानंतर दिव्या काय करते याकडे माझं लक्ष होतं. सप्टेंबर 2025 मध्ये समरकंदला ग्रँड स्विस स्पर्धा झाली. महिलांचा गट होता, तिथे ती मानाने खेळू शकली असती. ती खुल्या गटात उतरली आणि तिथे जगज्जेत्या गुकेशला तिने बरोबरीत रोखलं. मग 31 ऑक्टोबरपासून गोव्यात खुला विश्वचषक भरला. त्यातल्या 206 खेळाडूंत ती एकटी बाई. रोहिणीने 1976 साली जी जागा भांडून घेतली, तिथे दिव्याला निमंत्रण देऊन बसवलं होतं. पहिल्याच फेरीत ग्रीसच्या स्टामाटिस कुर्कुलोस-आर्दितिसकडून ती दोन्ही डाव हरली आणि स्पर्धेबाहेर गेली. ते दोन्ही डाव खेळून होताच चालीचालीने सगळ्यांसाठी खुले झाले. गडचिरोलीतल्याच सिरोंच्यातल्या एखाद्या पोरीला ती कुठे चुकली हे शोधायचं असेल तर बेलग्रेडहून अंक मागवायची गरज नाही. टॉवरला रेंज मात्र हवी, आणि पावसाळ्यात पुलावर पाणी चढलं की तिथे नेमकी तीच नसते.